गावाच्या गाडीचं वेळापत्रक कसं बांधायचं

एसटीच्या वाहतूक शाखेत नवी आलेली मुलं पहिल्याच दिवशी संगणकासमोर बसतात आणि जुन्या तक्त्यातल्या वेळा पाच-दहा मिनिटं मागे-पुढे करायला लागतात. मी त्यांना उठवते. आधी त्या मार्गावरची पहिली गाडी धरायची. गाडी मुक्कामी असेल तर आदल्या संध्याकाळीच तिच्यातून गावात जायचं, कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची आणि सकाळी त्याच गाडीनं परतायचं. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांच्या फेऱ्या आखण्यात माझी २१ वर्षं गेली, पण नवा मार्ग हातात आला की मी आजही हेच करते.

बरोबर एक वही आणि घड्याळ घ्या. प्रत्येक थांब्यावर लिहा: गाडी कधी थांबली, कधी सुटली, किती चढले, किती उतरले. आणि किती जण मागे राहिले, हेही. तिकीट मशीन चढलेल्यांचा हिशेब देतं. गर्दी बघून मागं सरलेली म्हातारी, किंवा वाट बघून वडापला, म्हणजे खासगी जीपला, हात केलेला माणूस त्यात कधीच येत नाही. फाट्यावरच्या चहावाल्याला मात्र ते पाठ असतं. त्याच्याकडं अर्धा तास बसा.

आता रनिंग टाइम, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला गाडीला लागणारा वेळ. इथं खोटं बोलायचं नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते. समजा मार्ग ३२ किलोमीटरचा आहे आणि तक्त्यात एका बाजूला ६० मिनिटं लिहिलीत. दोन्ही टोकांच्या थांब्यांवर १०-१० मिनिटं धरली तर जाऊन-येऊन १४० मिनिटं होतात, म्हणजे तीन फेऱ्या ७ तासांत बसतात. कागद छान दिसतो. पण तुमच्या वहीत खरी वेळ ७५ मिनिटं निघाली, तर एक फेरी १७० मिनिटांची आणि तीन फेऱ्या साडेआठ तासांच्या होतात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला ८ तासांचंच काम ठरवून दिलं, शिवाय सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. मग होतं काय? चालक दिवसभर ताणून गाडी पळवतो, जेवणाची सुट्टी खातो, आणि तरीही उशीर भरला की शेवटची फेरी रद्द होते. शेवटची फेरी म्हणजे संध्याकाळची. त्यापेक्षा दोनच फेऱ्या लावा आणि त्या रोज सोडा.

ही ७५ मिनिटंही बारा महिने सारखी राहत नाहीत. ऊसाचा गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या लागतात. तिथं १० मिनिटं वाढवूनच धरा. बाजाराच्या वारी माणसं चढायला वेळ घेतात, कारण प्रत्येकाच्या हातात बोचकं असतं. पावसाळ्याचा पर्यायी मार्ग मे महिन्यातच आखून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ला पाणी टेकलं की कुठली गाडी कुठल्या गावापर्यंतच जाणार, हे गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या टेबलावर आधीच लिहिलेलं पाहिजे.

मग भारमान, म्हणजे गाडी किती टक्के भरून धावली. वरिष्ठ हाच आकडा आधी विचारतात, म्हणून तो फोडून बघायला शिका. ४४ आसनांची गाडी ४० किलोमीटर गेली तर आसन-किलोमीटर झाले १७६०. पहिल्या १० किलोमीटरमध्ये ६६ जण आणि उरलेल्या ३० मध्ये फक्त ८ जण असले तर प्रवासी-किलोमीटर ९००, म्हणजे भारमान ५१ टक्के. कागदावर गाडी अर्धी रिकामी, आणि त्या १० किलोमीटरमध्ये पोरं दाराला लोंबकळतात. अशा मार्गावर गाडी बंद करू नका. शाळेच्या वेळेला त्या तुकड्यापुरती एक जादा फेरी द्या.

हे मी चूक करून शिकले. एका आगारात संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांची फेरी होती, उत्पन्न कमी. मी ती ६ च्या फेरीत मिळवली. गाडीत बहुतेक शाळेच्या मुली असायच्या, त्यांचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत, त्यामुळं वाहकाच्या पिशवीत रोकड कमी पडायची आणि मी तेवढंच बघितलं. डिसेंबरात एक बाई नववीतल्या मुलीला घेऊन आगारात आल्या. मुलीच्या चपला चिखलानं भरलेल्या. फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर, मध्ये ऊस. बाई एवढंच म्हणाल्या, "म्याडम, गाडी हाय, पर उजेड न्हाई." आधीच्या फेरीनं ती मुलगी ५:५० ला फाट्यावर उतरायची, माझ्या फेरीनं ६:४० ला. मी बदल केला त्या दिवशी जूनचं ऊन होतं, डिसेंबरचा सूर्यास्त माझ्या डोक्यातच आला नव्हता. ५:१० ची फेरी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सोडली. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक फेरीपुढं एक जादा रकाना असतो: हिवाळ्यात शेवटचा प्रवासी उजेडात घरी पोचतो का?

ड्युटी लावताना शेवटच्या थांब्यावर पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, हे स्वतः बघून या. महिला वाहक असतील तर त्याशिवाय तिथं २० मिनिटांचा थांबा लिहूच नका. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांची झोपायची जागा कोरडी आहे का, तेही बघा. त्यांनाच पहाटे गाडी काढायची असते.

वेळा पक्क्या झाल्या की कंट्रोलर, मुख्याध्यापक आणि सरपंच यांना एकेक प्रत द्या, आणि चहावाल्याच्या भिंतीवर ठळक अक्षरात रंगवून घ्या. १५ दिवसांनी वही घेऊन पुन्हा त्याच गाडीत बसा. वही आणि भिंत यांच्यात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर भिंत पुन्हा रंगवा.