गिअर टाकताना कर्रर्र होतंय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी या चुका टाळा

कर्रर्र आवाज आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "गिअरबॉक्स गेला." अरे पण कशावरून? इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघ ना आधी. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू केली की घासतात, म्हणजे बहुतेक क्लच पूर्ण सुटत नाहीये, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला थोडं फिरवतंच राहतं.

गोव्यात डिचोलीला आमच्या शेजाऱ्याचं हेच झालं. पहिला आणि रिव्हर्स टाकताना गाडी ओरडायची. गॅरेजवाल्याने क्लचला साधा पायही न लावता गिअरबॉक्स खाली घेतला, सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवून घेणाऱ्या पितळी रिंगा) बदलल्या, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर म्हणून शेजाऱ्यालाही घाई, पैसे दिले नि गाडी आणली. घरी येईपर्यंत परत तेच. मी पेडल दाबून बघितलं तर मऊ लागलं, दोन-तीनदा पंप केल्यावर मात्र गिअर गपचूप पडला. स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलच्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबर जरा सरकवलं तर आतून तेल टपकलं. सिलिंडर बदलून नळीतली हवा काढली, विषय संपला. बऱ्याच गाड्यांत क्लचला ब्रेकच्याच डब्यातलं ऑइल जातं आणि क्लचची नळी वरच्या बाजूला असते, म्हणून लेव्हल उतरली की आधी क्लच रडतो. बोनेट उघडून डबा बघायला काय पैसे पडतात?

मॅट पेडलखाली सरकलंय का तेही बघा, हसू नका.

आता गिअरबॉक्सचं ऑइल. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलंय आणि दुकानदार सांगतो "जीएल-५ घ्या, भारी असतं", की हे आणून ओततात. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं नसतं हो! जीएल-५ मुळात डिफरन्शियलसारख्या (चाकांना ताकद वाटणाऱ्या) गिअरसाठी, त्यातली गंधकाची रसायनं काही वेळा सिंक्रोच्या पितळेला त्रास देतात, आणि ऑइल जास्त निसरडं असेल तर रिंग पकडतच नाही. मी जुनं ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढतो आणि बोटांवर चोळून उन्हात धरतो, सोनेरी चमक जास्त दिसली की समजायचं पितळ झिजतंय.

फक्त दुसरा किंवा तिसराच घासत असेल, तर सिंक्रोवर संशय घ्या. अनमोड घाट उतरताना डबल क्लच करून बघा (क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, परत दाबून खालचा गिअर), आवाज गेला तर संशय पक्का, पण ते रोजचं औषध नव्हे.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका, बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मागचा हॉर्न मारतोय म्हणून गिअरवर जोर काढणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

पावसाळाभर उभी गाडी असेल तर क्लच प्लेट कधी कधी गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटते आणि क्लच सुटत नाही, तोही गिअरबॉक्सचा दोष नाही.

न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबला की गप्प, तर मात्र बहुतेक गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, तिथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) तेव्हाच तपासून घ्या, नाहीतर तीच मजुरी परत भरा.