‘जर-तर’चं गणित घरच्या घरी: वनडे स्पर्धेतला नेट रन रेट

साखळी फेरी संपत आली की ‘अमुक संघाला तमुक षटकांत जिंकावं लागेल’ असे आकडे टीव्हीवर फिरू लागतात. ते अर्धवट असू शकतात, त्यामुळे स्वतः काढलेले बरे. कॅल्क्युलेटर आणि गटातल्या सगळ्या सामन्यांचे धावफलक एवढंच लागतं.

आधी स्पर्धेचा नियम वाचा. गुण समान झाले तर पुढे काय बघायचं, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळं असू शकतं. २०१९च्या विश्वचषकात क्रम असा होता: गुण, मग विजयांची संख्या, मग नेट रन रेट आणि त्यानंतर आमनेसामनेचा निकाल. पाकिस्तान आणि न्यूझीलंड, दोघांचे ११ गुण आणि ५ विजय. पाकिस्तानने साखळीत न्यूझीलंडला हरवलंही होतं. पण रन रेट न्यूझीलंडचा +०.१७५ आणि पाकिस्तानचा −०.४३०, त्यामुळे उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेला.

नेट रन रेटचं सूत्र सोपं आहे. संघाने स्पर्धेत काढलेल्या एकूण धावा भागिले खेळलेली एकूण षटकं. त्यातून दिलेल्या एकूण धावा भागिले टाकलेली एकूण षटकं वजा करायची. एकेका सामन्याचा रन रेट काढून त्यांची सरासरी घेऊ नका, उत्तर चुकेल. बेरीज आधी, भागाकार नंतर.

गडबड होते ती षटकांत. धावफलकावरचं ३७.१ म्हणजे ३७ षटकं आणि एक चेंडू, म्हणजेच गणितासाठी ३७.१६७. तसंच १३.४ म्हणजे १३.६६७. टिंबानंतरच्या चेंडूंना ६ ने भागून घ्या.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची: संघ सर्वबाद झाला तर त्याची पूर्ण ५० षटकं धरतात. २०१९मध्येच पाकिस्तान वेस्ट इंडिजविरुद्ध २१.४ षटकांत १०५ धावांत आटोपला आणि विंडीजने १३.४ षटकांत १०८ केल्या. १०५ ला ५० ने भागायचं, म्हणजे २.१०; विंडीजची गती ७.९०, फरक −५.८०. इथे चुकून २१.४ षटकं धरली तर −३.०६ येतं आणि पुढचं सगळं गणित कोसळतं. पाकिस्तानचा रन रेट शेवटपर्यंत सावरला नाही, त्यात या एका दुपारचा वाटा मोठा.

पावसाचे सामने: निकाल लागला नसेल तर तो सामना हिशेबात येत नाही. डकवर्थ-लुईसने, म्हणजे पावसात लक्ष्य नव्याने ठरवण्याच्या पद्धतीने, लक्ष्य बदललं आणि सामना पूर्ण झाला, तर पहिल्या संघाच्या नावावर सुधारित लक्ष्यापेक्षा एक धाव कमी धरतात, आणि षटकं दुसऱ्या संघाला मिळालेली. बरोबरी फोडण्यासाठीच्या सुपर ओव्हरच्या धावा मोजत नाहीत.

आता खरी कसोटी. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया चषक. श्रीलंकेने ५० षटकांत २९१ केल्या. गटात श्रीलंका, बांगलादेश आणि अफगाणिस्तान, त्यातले दोनच पुढच्या चार संघांच्या फेरीत, म्हणजे सुपर फोरमध्ये जाणार होते. त्यासाठी अफगाणिस्तानला २९२ धावा ३७.१ षटकांत हव्या होत्या. पडताळून पाहू.

अफगाणिस्तान आधी बांगलादेशकडून हरला होता: २४५ सर्वबाद, म्हणून ५० षटकं, दिलेल्या धावा ३३४, ५० षटकांत. श्रीलंकेने बांगलादेशला १६४ मध्ये गुंडाळून (५० षटकं) ३९ षटकांत १६५ केल्या होत्या.

अफगाणिस्तान: (२४५ + २९२) ÷ (५० + ३७.१६७) = ६.१६१. वजा (३३४ + २९१) ÷ १०० = ६.२५. उरतं −०.०८९.
श्रीलंका: (१६५ + २९१) ÷ (३९ + ५०) = ५.१२४. वजा (१६४ + २९२) ÷ ८७.१६७ = ५.२३१. उरतं −०.१०८.

अफगाणिस्तान पुढे. एक चेंडू जास्त घेतला, म्हणजे ३७.२, तर मागे. बांगलादेश +०.३७३ वर निवांत होता.

पण गणित इथे थांबवायचं नाही, कारण विजयी फटका चौकार किंवा षटकार असू शकतो. धावा बरोबरीत, म्हणजे २९१ वर असताना षटकार बसला तर धावसंख्या २९७ होते. म्हणून २९२ ते २९७ या सहाही धावसंख्यांसाठी वेगळं उत्तर काढा, प्रत्येक वेळी एकेक चेंडू वाढवत. इथे ती अशी येतात: २९२ साठी ३७.१, २९३ साठी ३७.२, २९४ साठी ३७.३, २९५ साठी ३७.५, २९६ साठी ३८ आणि २९७ साठी ३८.१ षटकं.

मैदानावर काय झालं? ३७ षटकांअखेर अफगाणिस्तान २८९ वर होता. ३७.१ वर नववा गडी बाद झाला आणि आता सगळं संपलं असं समजून शेवटचा फलंदाज चेंडू नुसते अडवू लागला. फटकेबाज राशिद खान दुसऱ्या टोकाला उभा. खरं तर ३७.५ पर्यंत एक षटकार पुरला असता. एकेरी धाव काढून राशिदला स्ट्राइक दिला असता तर त्याच्या षटकारासाठी ३८ षटकांपर्यंत सवड होती. ३७.४ वर शेवटचा गडी पडला. हे पर्याय आम्हाला कळवलेच नव्हते, असं प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितलं.

प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघाचा हिशेब उलटा: पहिला डाव संपल्यावर समोरच्याला किती धावांत रोखायचं ते काढा. त्याआधीचे आकडे अंदाजाचे, कारण आवश्यक फरक धावसंख्येनुसार हलतो. २०१९च्या त्याच विश्वचषकात लॉर्ड्सवर बांगलादेशविरुद्ध पाकिस्तानने ३१५ केल्या, तेव्हा उत्तर आलं ७. बांगलादेशची आठवी धाव झाली आणि पाकिस्तान स्पर्धेबाहेर गेला. सामना मात्र ९४ धावांनी जिंकला.