बायबल पाठ आहे, पण जगायचं कसं?

मागे एकदा आमच्या बायबल स्टडीत मत्तयच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय चालू होता, येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो ना की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, तो भाग. ग्रुप मी घेत होतो. येशूच्या उत्तराचा मूळ ग्रीकमधून "सत्याहत्तर वेळा" असा अर्थ निघतो तसाच "साताच्या सत्तर पट" असाही निघतो, यावर आम्ही अर्धा तास घालवला, मी दोन भाषांतरं शेजारी ठेवून झकास समजावलं, सगळे खूश. आणि त्या वेळी माझ्या सख्ख्या भावाशी मी दोन वर्षं बोललेलो नव्हतो. हे घरी जाताना लक्षात आलं आणि पोटात खड्डा पडला.

तर हे लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना वचनं पाठ आहेत, प्रवचन कुठे वळणार ते आधीच कळतं, आणि सोमवारी सकाळी मात्र काहीच बदललेलं नसतं. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब अशांना आरशाचं उदाहरण देतो (१:२३-२४), माणूस आरशात तोंड बघतो, निघून जातो आणि आपण कसे दिसतो तेच विसरतो. पुढे तर तो अजून झोंबेल असं बोलतो, देव एकच आहे असं तू मानतोस ना, चांगलं आहे, भुतंसुद्धा मानतात आणि थरथर कापतात (२:१९). म्हणजे नुसत्या माहितीत भुतं आपल्या पुढे आहेत, वर ती कापतात तरी.

पहिली गोष्ट करा ती म्हणजे थोडे दिवस नवीन काही घेऊ नका. नवीन सिरीज नको, नवीन पुस्तक नको, फॉरवर्ड तर अजिबात नको. बायबल वाचणं थांबवा असं म्हणत नाहीये हां, पण एकच वचन धरा आणि आठवडाभर तेच. कुठलं धरायचं? जे वाचताना तुमच्या तोंडातून पटकन "याचा संदर्भ बघायला पाहिजे" असं येतं ते. माझा अनुभव आहे की ज्या वचनाला आपण सगळ्यात जास्त संदर्भ शोधतो तेच आपल्याला टोचत असतं.

मग त्या वचनाला एक नाव आणि एक वार जोडा. "प्रेम करायचं" हे कोणालाच करता येत नाही, फार मोठं आहे. लूक १० मधला तो शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचा पंडित बघा, सार्वकालिक जीवनासाठी काय करू असं विचारतो, येशू म्हणतो मोशेच्या नियमशास्त्रात काय लिहिलंय, हा धडाधडा बरोबर उत्तर देतो, देवावर प्रेम कर आणि शेजाऱ्यावर प्रेम कर, येशू म्हणतो बरोबर, तेच कर. संपायला हवं होतं इथे! पण नाही, याला अजून एक व्याख्या हवी असते, माझा शेजारी कोण. आणि येशू व्याख्या देतच नाही, गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीत शोमरोनी माणूस, म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्यांच्यातला, वाटेत लुटलेल्या जखमी माणसासाठी किती बारीकसारीक करतो ते मोजून बघा: जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेऊन रात्री सेवा करतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देतो, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि वर जास्त लागलं तर येताना देतो म्हणतो. प्रेम म्हणजे हे, हिशोबासकट. तुमच्या वहीतही असंच काहीतरी यायला पाहिजे, "मंगळवारी अमक्याला फोन, उसने घेतलेले परत", असं.

आता सगळ्यात अवघड भाग, बिघडलेली नाती. मत्तय ५:२३-२४ नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाहीये, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. म्हणजे चूक त्याची वाटत असली तरी उठायचं आपण. आणि येशू दान वेदीपुढे ठेवून आधी जाऊन समेट कर म्हणतो, हे ऐकणारे लोक गालीलातले आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात, काही दिवसांची पायपीट. तिथून परत जायचं, समेट करायचा, आणि मग पुन्हा यायचं! उपासनेपेक्षा हे आधी ठेवलंय, आपण बरोबर उलट करतो, भांडण तसंच ठेवून पहिल्या बाकावर.

एक सांगून ठेवतो, क्षमा म्हणजे मारझोड करणाऱ्याकडे परत राहायला जाणं नव्हे. ज्याला कोणी असं सांगत असेल त्याने आधी सुरक्षित जागी जावं, क्षमेचं नंतर बघता येईल.

पैशाचं फार लांबवत नाही, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयचं उदाहरण पुरे आहे (लूक १९). नियमशास्त्रात (गणना ५:७) लुबाडलेलं सगळं आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायला सांगितलंय, हा चौपट म्हणतो, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. आणि गंमत म्हणजे येशूने त्याला पैशाबद्दल एक शब्द विचारल्याचं तिथे नाही, तो फक्त त्याच्या घरी गेला. क्रम लक्षात ठेवा, नाहीतर हे सगळं पुण्य जमवण्याचा धंदा होतो. तारण कृपेने, कामांनी नाही, हे इफिस २:८-९ मध्ये आहेच, आणि लगेच १० व्या वचनात सत्कृत्यं येतात. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला याच भीतीपोटी याकोबाचं पत्र खटकायचं, १५२२ मध्ये तर त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं होतं. मला वाटतं त्याची भीती खरी होती, पण आपला आजार तो नाही, आपण कृपेचं पांघरूण घेऊन झोपलोय.

एक सोपी टेस्ट सांगतो. महिनाभर एक चांगलं काम असं करा की कोणालाच कळणार नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही, "प्रार्थनेचा विषय" म्हणूनही नाही. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना, उपास तिन्ही गुप्तपणे करायला सांगितलंय. तिसऱ्या दिवशी सांगायची जी खाज सुटते ना, ती बघा.

आणि एकट्याने हे टिकत नाही. जॉन वेस्ली, ज्याच्यापासून पुढे मेथडिस्ट पंथ निघाला, तो इंग्लंडचा धर्मगुरू होता, अमेरिकेत लोकांना शिकवायला निघाला होता, १७३६ च्या जानेवारीत समुद्रात वादळ झालं, शीड फाटलं, लाट डेकवर आली, इंग्रज प्रवासी किंचाळायला लागले आणि जहाजावरचे मोरेवियन (जर्मन ख्रिस्ती पंथाचे) लोक स्तोत्र गात होते ते गातच राहिले. त्याने नंतर विचारलं भीती नाही वाटली का, तर म्हणाले नाही, आमच्या बायकामुलांनाही मरणाची भीती नाही. वेस्लीला मात्र वाटली होती, आणि ते त्याने डायरीत प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे १७३८ मध्ये त्याने छोट्या गटांसाठी नियम केले, त्यात दर आठवड्याला विचारायचा पहिला प्रश्न असा की मागच्या भेटीनंतर तुझ्याकडून कुठलं पाप झालं ते सांग. सरळ. आपण विचारतो "सगळं ठीक ना?" तुम्हाला असं विचारेल असा एक माणूस शोधा, दोन नकोत, एकच बास. कॅथलिक असाल तर कन्फेशन (धर्मगुरूपुढे पाप कबूल करणं) आहेच, जा. रोज रात्री पाच मिनिटं आजचा दिवस देवापुढे उलगडून बघा, कशाबद्दल आभार, कुठे घसरलो, उद्या काय.

घसरणार तर आहातच. येशूला अटक झाल्यावर पेत्र तीनदा त्याला ओळखत नाही म्हणाला, त्यालाच येशूने नंतर आपली मेंढरं, म्हणजे आपले लोक, सांभाळायला दिली.

माझं सांगायचं राहिलं. मी तीन दिवस मेसेज टाइप करून डिलीट केला, शेवटी फोनच लावला. पलीकडून आवाज, "कोण बोलतंय?" त्याने नंबर उडवला होता. मी नाव सांगितलं, बराच वेळ शांतता. मग म्हटलं, दादा, चूक माझी होती. तो म्हणाला, "बरं." आणि मग चार मिनिटं आम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो. पुढच्या गुरुवारी मी परत लावला, तेव्हा त्याने नाव विचारलं नाही.