होम इन्स्पेक्शनच्या धंद्यातल्या या चुका टाळा: लोगो गाडीवर, नियमावली डिकीत

"गॅरेजमधला फ्रीझर बंद पडलाय. आतलं सगळं वितळून गेलंय. परवा इन्स्पेक्शनला तुम्हीच आला होतात ना?"

घर विकत घेण्याआधी गिऱ्हाइकासाठी ते तपासून रिपोर्ट देणं, हे होम इन्स्पेक्टरचं काम. त्यातल्या माझ्या पहिल्या वर्षातला हा फोन. घर विकणाऱ्या बाईंचा. झालं होतं ते अगदी साधं. मागच्या अंगणातलं जीएफसीआय संरक्षण (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं) असलेलं सॉकेट मी टेस्टर लावून तपासलं. बटण दाबताच वीज तुटली, म्हणजे संरक्षण चालतंय. टिक केली आणि पुढे गेलो. वीज परत चालू करायचं बटण मात्र अंगणात नव्हतंच. ते होतं गॅरेजमध्ये, फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर, आणि फ्रीझर त्याच लाइनवर. जुन्या घरांत अंगण, गॅरेज आणि बाथरूम अशी तिन्हींची सॉकेटं एकाच जीएफसीआयवर टाकलेली सर्रास दिसतात. मला ते तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. घाई होती, बस्स. वितळलेल्या मालाचे पैसे मुकाट्याने भरले.

बाहेरच्यांना वाटतं, इन्स्पेक्टरची चूक म्हणजे त्याच्या नजरेतून सुटलेली भेग. तसंही होतं, पण कमी. भांडणं पेटतात ती बहुतेक कडेकडेच्या गोष्टींवरून: तोंडाने काय बोललो, काय पाहिलंच नाही आणि तसं लिहिलंही नाही, काय जागच्या जागी ठेवलं नाही. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याच संघटनांच्या नियमावलीत लिहून ठेवलेल्या आहेत. अमेरिकेत या धंद्याच्या दोन मोठ्या संघटना. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, म्हणजे 'आशी', 1976 सालची आणि 'इंटरनॅची' 1990 सालची. दोघींचे कामाचे निकष आणि आचारसंहिता कुणालाही वाचायला मिळतात. पण नवा माणूस मेंबर झाला की आधी लोगो डाउनलोड करतो.

मेंबरशिप म्हणजे लायसन्स नव्हे

इथे फार वेळ घालवत नाही, पण ही चूक महागात पडते. टेक्सास, न्यू यॉर्क, इलिनॉय अशा राज्यांत होम इन्स्पेक्टरला राज्याचं लायसन्स लागतं. संघटनेचं सर्टिफिकेट कितीही सुबक असलं तरी ते त्या जागी चालत नाही. उलट कॅलिफोर्नियात लायसन्स लागत नाही, तर तिथले काही जण समजतात की कायदाच नाही. कायदा आहे. ज्या घराचा रिपोर्ट तुम्ही दिलात, त्या घराची दुरुस्ती 12 महिने पैसे घेऊन करायची नाही, हे तिथे राज्याच्या कायद्यातच आहे. 'आशी' आणि 'इंटरनॅची' या दोन्ही संघटनांचा नियमही वर्षभराचाच. "छतावरची दोन शिंगल्स तर बसवायची होती, म्हटलं गिऱ्हाइकाची सोय होईल" ही सबब कुणी ऐकून घेत नाही, कारण दोष शोधणाऱ्यानेच दुरुस्तीचं बिल फाडलं की दोषावरचाच विश्वास जातो.

आणि 'सर्टिफाइड' हा शब्द जपून वापरा. 'आशी'मध्ये सर्टिफाइड इन्स्पेक्टर म्हणवून घ्यायला परीक्षेबरोबरच पैसे घेऊन केलेली किमान 250 इन्स्पेक्शन्स लागतात. विसाव्या घरालाच तो शब्द कार्डावर छापलेली मंडळी मी पाहिली आहेत.

"मग, घर पास का?"

इन्स्पेक्शन संपतं, सगळे ओट्याभोवती उभे असतात. गिऱ्हाईक, त्याची बायको, कधी सासरे, थोडं अंतर राखून एजंट. आणि प्रश्न येतो: "मग, घर पास का?" तीन तास क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराच्या फरशीखालच्या बुटक्या पोकळीत, सरपटून आलेला माणूस अशा वेळी सैल पडतो. "छान घर आहे हो, मी असतो तर घेतलं असतं." हे एक वाक्य चाळीस पानी रिपोर्टावर पाणी फिरवतं. पुढे काहीही निघालं तरी गिऱ्हाइकाच्या लक्षात तेवढंच राहतं.

पास-नापास हा प्रकार आपल्याकडे नाही. घर घ्यावं की नाही आणि किमतीला योग्य आहे की नाही, हे दोन्ही प्रश्न निकषांनी आपल्या कामाबाहेर ठेवले आहेत. त्याऐवजी मी असं सांगतो: "तीन गोष्टी मोठ्या आहेत, त्या आत्ता दाखवतो. बाकी सगळं रात्री रिपोर्टमध्ये येईल." आणि त्या तीन गोष्टी हात लावून दाखवतो.

मोठी गोष्ट कोणती, यावरही गोंधळ होतो. 'इंटरनॅची'च्या व्याख्येप्रमाणे घराच्या किमतीवर लक्षणीय वाईट परिणाम करू शकणारा किंवा माणसांना अवाजवी धोका असलेला दोष हा मोठा दोष. त्याच व्याख्येत पुढे स्पष्ट म्हटलंय की एखाद्या वस्तूचं आयुष्य संपत आलंय किंवा संपलंय, एवढ्यावरून तो दोष ठरत नाही. तरी नवखे इन्स्पेक्टर 'फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) जुना आहे, बदला' असं ठोकून देतात. विकणारा चिडतो, घेणारा घाबरतो, आणि फर्नेस पुढची पाच वर्षं मजेत चालतो. लिहायचं ते असं: अमुक सालचा, आज चालवून पाहिला, चालला, अशा यंत्राचं नेहमीचं आयुष्य संपत आलंय, बदलीचा खर्च हिशेबात धरा.

कोडचंही तसंच. आपण नगरपालिकेचे कोड इन्स्पेक्टर नाही. 1968 साली बांधलेल्या घराच्या बाथरूममध्ये जीएफसीआय नसेल तर तो नियमभंग नव्हे; बाथरूमसाठी ती अट अमेरिकेच्या विद्युत संहितेत 1975 साली आली. 'कोड मोडलाय' असं लिहिलंत की विकणाऱ्याचा वकील हेच साल पुढे करेल. 'सुरक्षेसाठी बसवून घ्या' लिहिलंत की वादच नाही.

जे पाहिलं नाही ते लिहा

माझ्या मते धंद्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. तळघरात भिंतीला लावून छतापर्यंत खोकी रचलेली आहेत. खोकी हलवणं आपलं काम नाही, निकषांत तसं आहे. पण निकष तुम्हाला खोकी न हलवण्याची मुभा देतात, गप्प बसण्याची नाही. 'आशी'च्या निकषांप्रमाणे छप्पर, ॲटिक (छपराखालचा माळा) आणि क्रॉल स्पेस कुठल्या पद्धतीने पाहिलं हे रिपोर्टमध्ये सांगावंच लागतं. छपरावर चढलो, शिडीवरून डोकावलो, की जमिनीवरून दुर्बिणीने पाहिलं? क्रॉल स्पेसमध्ये 24 इंचांपेक्षा कमी उंची असेल तर आत शिरण्याची सक्ती नाही, पण 'उंची अपुरी, दारातून टॉर्चने पाहिलं, पलीकडचा अर्धा भाग दिसला नाही' हे वाक्य हवं, आणि सोबत फोटो.

नवखे फोटो काढतात ते दोषांचे. मी अडथळ्यांचे काढतो. बर्फाने झाकलेलं छप्पर, विजेच्या पॅनलसमोर उभं केलेलं कपाट, कुलूपबंद खोलीचं दार, बंद केलेला पाण्याचा व्हॉल्व्ह. एकदा गिऱ्हाइकाचा सहा महिन्यांनी फोन आला, तळघराच्या उत्तरेच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, तुम्ही बघितलं कसं नाही? मी रिपोर्टचं पान सांगितलं. त्या भिंतीसमोरच्या खोक्यांचा फोटो, खाली 'ही भिंत दिसली नाही, सामान हलल्यावर, ताबा घेण्याआधी परत पाहून घ्या'. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "हो, हे मी वाचलं नव्हतं." संबंध टिकला. नंतर त्याच्या भावाचं घरही मीच पाहिलं.

बंद असलेली यंत्रणा स्वतः चालू करायचा मोहही टाळा. गॅसच्या यंत्राची पायलट ज्योत पेटवू नका, बंद व्हॉल्व्ह उघडू नका. तो कुणीतरी कशासाठी तरी बंद केलेला असतो, आणि ते 'कशासाठी' बऱ्याचदा छतातून टपकतं.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल एवढंच: त्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दिसतो. इन्सुलेशन सुटलेला कोपराही ओल असल्यासारखाच निळा दिसतो. मॉइश्चर मीटर टेकवल्याशिवाय 'गळती' हा शब्द लिहू नये. आत-बाहेर तापमान सारखं असेल त्या दिवशी तर कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

तयार वाक्यांचा कारखाना

रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार वाक्यांची यादी असते. चांगली सोय आहे, आणि घातकही. फायरप्लेस नसलेल्या घराच्या रिपोर्टमध्ये 'चिमणी साफ करून घ्या' आलेलं मी वाचलंय. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी 'तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा'. सगळंच तज्ज्ञाला विचारायचं तर आपल्याला कशाला बोलावलं?

'प्लंबिंग प्लंबरकडून तपासून घ्यावं' या वाक्यातून गिऱ्हाइकाला काय कळतं? काही नाही. त्याच जागी हे वाचा: 'वॉटर हीटरच्या वर राखाडी प्लास्टिकचे पाइप दिसले, ते पॉलिब्युटिलीनचे आहेत. साधारण 1978 ते 1995 या काळात हे घरांत बसवले गेले, आणि ते अचानक फुटल्याच्या तक्रारी खूप झाल्या. भिंतींच्या आत किती आहेत ते दिसत नाही. संपूर्ण घराचे पाइप बदलण्याचा खर्च प्लंबरकडून खरेदीची मुदत संपण्याआधी काढून घ्या.' काय आहे, कुठे आहे, त्याने काय होतं, कुणी कधी काय करायचं. चार ओळी जास्त टाइप कराव्या लागतात. कराव्यात.

एजंटशी गोड, पण किती गोड

बरीचशी कामं एजंटांकडून येतात, हे नाकारून चालत नाही. 'सौदे मोडणारा' असं नाव पडलं की फोन कमी होतात ही भीती प्रत्येकाच्या पोटात असते. त्या भीतीने शब्द मऊ होत जातात. ज्या भेगेला काल 'हालचाल झालेली दिसते' म्हटलं असतं, ती आज 'किरकोळ' होते. यावर माझ्याकडे औषध नाही, फक्त एक सवय आहे: एजंट निघून गेल्यावरच रिपोर्टचा सारांश लिहायचा.

एजंटच्या शिफारस यादीत नाव यावं म्हणून पैसे किंवा भेटवस्तू देणं 'आशी'च्या आचारसंहितेत सरळ मना आहे. आणि रिपोर्ट गिऱ्हाइकाचा असतो, एजंटचा नव्हे. 'मला पण कॉपी टाका ना' या मेसेजला मी उत्तर देतो, "गिऱ्हाइकाचं हो आलं की लगेच." करारातच परवानगीची ओळ ठेवली तर तेवढंही लागत नाही. अपवाद एकच. घरात गॅसचा वास येतोय असा तातडीचा धोका असेल, तर राहणाऱ्यांना तिथल्या तिथे सांगण्याची मोकळीक त्याच आचारसंहितेने दिली आहे. तेव्हा गोपनीयता बघत बसू नका.

करार दाराशी सही करून घेऊ नका. गिऱ्हाईक सगळं सोडून आलंय, एजंट घड्याळ बघतोय, तिथे वाचून सही कोण करणार? आदल्या दिवशी पाठवा.

मीटिंगला जा, पण दुसऱ्या गावच्या

संघटनेच्या स्थानिक शाखेच्या मीटिंगा नवखे टाळतात. वेळ नसतो असं म्हणतात. खरं तर जुन्या लोकांसमोर अडाणी दिसायची लाज वाटते. पण एखाद्या जुन्या माणसामागे दोन दिवस हिंडून जे कळतं ते कुठल्या व्हिडिओ कोर्समध्ये नाही: ॲटिकमध्ये पाय जॉइस्टवरच (खालच्या आडव्या लाकडी तुळईवर) कसा ठेवायचा, शिडी कुठल्या कोनात, पॅनलचं झाकण काढताना शेवटचा स्क्रू का धरून ठेवायचा. आपल्याच भागातला जुना इन्स्पेक्टर उद्याच्या स्पर्धकाला सोबत नेत नाही, आणि त्याचं चुकतंय असंही नाही. तासाभराच्या अंतरावरच्याला विचारा. तो आनंदाने नेतो, वर शिडीही उचलायला लावतो.

'इंटरनॅची'ला वर्षाला 24 तासांचं सततचं शिक्षण लागतं. ते शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या खोलीत चहा पीत पूर्ण करणारे आहेत. त्यांना काय सांगणार.

दिवसाला तीन घरं घ्यायचीही चूक मी केली आहे. एका घराला जागेवर तीन तास, रिपोर्टला रात्री दोन. तिसऱ्या घराचे फोटो दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये गेले आणि ते गिऱ्हाइकानेच मला कळवलं. आता दोनच.

तक्रार आलीच तर

पहिल्या फोनवर 'माझी चूक झाली' नको आणि 'ते माझ्या कामात नव्हतं' हेही नको. ऐकून घ्या, फोटो मागवा, दुरुस्ती होण्याआधी स्वतः जाऊन बघा. दुरुस्ती झाल्यावर पुरावा उरत नाही, ना त्यांचा ना तुमचा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. आपला एरर्स अँड ओमिशन्सचा, म्हणजे कामातल्या चुका आणि राहून गेलेल्या गोष्टींचा, विमा सहसा तक्रार ज्या काळात येते त्या काळाची पॉलिसी बघतो, काम कधी केलं ते नव्हे. त्यामुळे धंदा बंद करताना पॉलिसीही झटकन बंद करणाऱ्याची जुनी सगळी घरं उघडी पडतात. पॉलिसी बंद झाल्यावर येणाऱ्या जुन्या कामांच्या तक्रारींसाठी तरतूद वेगळी घेता येते, ती विचारून घ्या. आणि पैसे परत द्यायचेच ठरलं तर लेखी पावती घ्या की विषय इथे संपला.

निघताना दारात उभा राहून मी अजून मोठ्याने म्हणतो: ओव्हन बंद, नळ बंद, थर्मोस्टॅट होता तिथे, सगळे जीएफसीआय परत चालू, गॅरेजचा फ्रीझर गुणगुणतोय, किल्ली डब्यात, मांजर घरात. परवा एका घरी मांजर दिसेना. वीस मिनिटं शोधलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, या घरात मांजर नाहीच, तुम्ही कालच्या घराचं बोलताय."