ताटवाटी वेगळी, हवा मात्र एकच: घरात तान्हं बाळ आणि आजारी नातलग असताना या चुका टाळा

घरात कुणाला संसर्ग झाला की सगळ्यात आधी वेगळं होतं ते आजारी माणसाचं ताट. मग पेला, टॉवेल, अंथरूण. एवढं झालं की घरच्यांना वाटतं, बाळाची सोय झाली. पण क्षय, गोवर, फ्लू यांना ताटवाटीशी फारसं देणंघेणं नसतं. ते श्वासातून, खोकल्या-शिंकेतून पसरतात. याउलट खरजेला हवा लागतच नाही, तिला अंगाला अंग लागलं की पुरतं. म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा विचारायचं ते ‘आजार गंभीर आहे का’ असं नाही, तर ‘हा कशातून पसरतो आणि किती दिवस पसरतो’ असं. पुढच्या बहुतेक चुका हे न विचारल्यामुळेच होतात.

‘साधा खोकला आहे, ताप नाही ना?’

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो बहुतेकदा नुसता चिवट खोकला वाटतो. ताप नाही, अंथरूण धरलेलं नाही, माणूस रोज कामाला जातोय आणि घरी आल्यावर बाळाला मांडीवर घेतोय. बाळाच्या बाबतीत मात्र तोच आजार जिवावर बेतू शकतो. शिवाय तान्ह्या बाळाला खोकल्याची उबळ येईलच असं नाही. काही बाळांचा श्वासच मध्ये थांबतो आणि ओठ निळे पडतात. या आजाराची लस बाळाला साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून मिळते. तोवर त्याचं रक्षण दोनच गोष्टींवर असतं: आईकडून आलेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) आणि भोवतालची माणसं.

आईकडची प्रतिपिंडं बाळाला वारेतून मिळतात. त्यासाठीची लस गरोदरपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत, आणि प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची असते. बाळाला सांभाळणाऱ्या मोठ्यांनी ती घ्यायची तर बाळाच्या भेटीआधी निदान दोन आठवडे. निदान झालेल्या नातलगाने योग्य अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत बाळाजवळ जाऊ नये. औषधच घेतलं नसेल तर खोकला सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवडे धोका राहतो.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला असेल तर क्षयाची तपासणीही करून घ्यावी. ‘सिगारेटचा खोकला आहे’ किंवा ‘हवा बदलली’ ही घरच्या घरी केलेली निदानं बाळ घरात असताना चालत नाहीत. आणि सर्दी? मोठ्यांचं जेमतेम नाक वाहायला लावणारा आरएसव्ही विषाणू बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजवून त्याला दवाखान्यात नेऊ शकतो.

ताप उतरला, आता घ्या बाळाला

आजारी माणसाला बरं वाटणं आणि त्याच्याकडून संसर्ग थांबणं, या दोन तारखा क्वचितच एक असतात. फ्लूची लागण लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून होऊ शकते आणि नंतर पाच ते सात दिवस होत राहते. कांजिण्या पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, ते थेट सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवर पुरळाच्या चार दिवस आधी आणि चार दिवस नंतर. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. जुलाब-उलट्या थांबल्यावरही निदान 48 तास बाळाला उचलू नये.

यासाठी एक साधं काम करा: आजार सुरू झाला तो दिवस आणि पुरळ असेल तर ते उठल्याचा दिवस कागदावर लिहून ठेवा. ‘मागच्या आठवड्यात कधीतरी’ या उत्तरावर कुठल्याच डॉक्टरला हिशेब लावता येत नाही.

नागिणीबद्दल घरोघरी दोन टोकं दिसतात. कुणी पूर्ण घाबरतं, कुणी ‘ती लागत नाही’ म्हणून निर्धास्त राहतं. नागीण तशीच्या तशी दुसऱ्याला होत नाही, पण फोडांतल्या पाण्यातून बाळाला कांजिण्या होऊ शकतात. फोड नीट झाकावेत आणि सगळ्यांवर खपली येईपर्यंत बाळाला घेऊ नये.

मुका घेणं

ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा झुबका उठलाय, ‘उष्णतेने आलंय’ म्हणून कुणी लक्ष देत नाही. तो बहुतेकदा हर्पिस असतो. नवजात बाळात हा विषाणू यकृतात आणि मेंदूत पोचू शकतो. पुटकुळ्या पूर्ण वाळेपर्यंत मुका घ्यायचा नाही, आणि त्यांना हात लागला तर हात धुवायचे. खरं तर पहिले काही महिने बाळाच्या तोंडाचा, हातांचा मुका कुणीच घेऊ नये, आजारी असो वा नसो. मावशीला वाईट वाटेल, आजोबा रुसतील. रुसू देत. हे सांगायचं काम बाळंतिणीवर न टाकता घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावं.

आई आजारी पडली की दूध बंद

सर्दी, फ्लू, कोविड, जुलाब यांपैकी कशातही स्तनपान थांबवायचं कारण नाही. उलट आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. दूध पाजण्याआधी साबणाने हात धुवायचे, नाकातोंडावर मास्क लावायचा, आणि एरवी बाळाला दुसऱ्या निरोगी माणसाकडे द्यायचं.

अपवाद थोडे आहेत. स्तनावर हर्पिसचे फोड असतील तर त्या बाजूने पाजू नये. फुप्फुसाच्या क्षयावर उपचार नुकतेच सुरू झाले असतील तर डॉक्टर काही काळ आई-बाळाला वेगळं ठेवायला सांगू शकतात; पण तेव्हाही काढलेलं दूध सहसा देता येतं, कारण धोका आईच्या श्वासात असतो. आईला बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत कांजिण्या उठल्या तर मात्र तातडीने सांगा. बाळाला आईची प्रतिपिंडं पोचलेली नसतात आणि त्याला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागू शकतं.

हात धुतले, पण मोबाइल?

रुग्णाला गोळी देऊन कुणीतरी बाहेर येतं. बेसिनवर साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, चांगले वीस सेकंद हात धुतं. तेवढ्यात फोन वाजतो. रुग्णाच्या उशाशी ठेवलेला, त्याच हातांनी हाताळलेला फोन. तो कानाला लावून माणूस दुसऱ्या हाताने बाळाला उचलतो, आणि धुतलेल्या हाताचा उपयोग तिथेच संपतो. फोन बाहेर ठेवून खोलीत जा, नाहीतर बाहेर आल्यावर तोही पुसा.

मास्कचंही तसंच. दिवसभर लावलेला मास्क बाळाशी बोलायची वेळ आली की हनुवटीखाली जातो. बाळाला मास्क लावणं तर मुळीच नको. दोन वर्षांखालच्या मुलाचा त्याने श्वास कोंडू शकतो. सॅनिटायझर सर्दी-फ्लूसाठी ठीक, पण जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवं. शक्य असेल तर रुग्णाला बघणारा आणि बाळाला बघणारा माणूस वेगळा ठेवा. माणसं कमी असतील तर आधी बाळाचं आवरा, मग रुग्णाच्या खोलीत जा.

बाळाला वारा लागेल म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेणं ही चूक इतकी रुळली आहे की ती चूक वाटतच नाही. रुग्णाच्या खोलीची बाहेरची खिडकी उघडी, घरातलं दार बंद. आणि बाळाला पुरेसे कपडे. ऊब कपड्यांनी राखता येते.

खरूज आणि डोळे

खरजेत ज्याला खाज सुटली त्यालाच मलम लावलं तर आजार घरभर फिरत राहतो. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून सगळ्यांचे उपचार एकाच दिवशी करायचे. बाळाचं मलम फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं. डोळे आलेल्या माणसाकडे बघून डोळे येत नाहीत. त्याच्या हाताने आणि टॉवेलने येतात.

‘लक्षणं दिसली की बघू’

इथे वेळ हातची जाते. बाळाचा संपर्क आला असेल तर काही उपाय ठरावीक मुदतीतच उपयोगी पडतात. गोवरासाठी प्रतिपिंडांचं इंजेक्शन संपर्कानंतर सहा दिवसांत, कांजिण्यांसाठी दहा दिवसांत आणि जितकं लवकर तितकं बरं. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला लस आणि प्रतिपिंडं जन्मानंतर पहिल्या 24 तासांत. घरात डांग्या खोकला निघाला तर सगळ्या घराला प्रतिबंधक औषध दिलं जातं. क्षयात बाळाची तपासणी करून त्यालाही प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि क्षयाची लस, म्हणजे बीसीजी, कधी द्यायची ते त्यानुसार ठरतं. म्हणून कळलं त्याच दिवशी फोन करा.

लक्षणंही तान्ह्या बाळात वेगळी दिसतात. बाळ दूध ओढेनासं होणं हा बहुतेकदा पहिला इशारा. 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप तीन महिन्यांखाली आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. उलट काही बाळांचं अंग तापण्याऐवजी गार पडतं; पांघरूण घालूनही तापमान 36.5 च्या खाली राहिलं तर तेही तितकंच गंभीर समजा. श्वास मोजताना अंगडं वर करा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा फसतो. बाळ शांत असताना 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले, छाती आत ओढली जात असली, किंवा बाळ उठवूनही उठत नसलं, तर निघा.

निघताना दवाखान्यात फोन करून घरातल्या आजाराचं नाव सांगा. गोवर किंवा कांजिण्या असतील तर ते तुम्हाला वेगळ्या दाराने घेतील; बाहेरच्या बाकांवर इतरांची तान्ही बाळंही असतात.