सेकंडहँड गाडी बघायला जाताना, आणि आरसीवरची ती एक ओळ

रोज वापरायला, पण चालवायला मजेची अशी सेकंडहँड गाडी शोधताय? मग सगळ्यात आधी आरसी मागवा, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. गाडीचे फोटो नंतर, किंमत त्याच्याही नंतर. आरसीच्या दोन्ही बाजू व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायच्या आणि कुठे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव दिसतंय का ते चष्मा लावून बघायचं. दिसलं तर त्या गाडीवर बोजा आहे, म्हणजे कागदोपत्री कर्ज देणाऱ्याचा हक्क. विकणारा कितीही गोड बोलला तरी आहे.

मला ते नाव दिसलं होतं, हीच तर गंमत. फोर्डची लाल फिगो, 2013 ची, डिझेल. एकच मालक, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये झाकून ठेवलेली. चक्कर मारून आलो आणि डोकं चालेनासं झालं. आरसीवर फायनान्सरच्या पुढे बँकेचं नाव होतं. विचारलं, तर मालक म्हणाले, "अहो, लोन कधीच फिटलंय, सात वर्षं झाली." खोटं बोलत नव्हते, लोन खरंच फिटलं होतं. मी त्याच रविवारी पूर्ण पैसे दिले आणि सोमवारी सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेलो.

लोन फिटणं वेगळं आणि बोजा उतरणं वेगळं. लोन बँकेत फिटतं, बोजा आरटीओत उतरतो. त्यासाठी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 लागतो. एनओसीवर मुदत असते, बहुतेक वेळा तीन महिन्यांची. आमच्या मालकांची एनओसी सात वर्षांपूर्वीची, तीही घर बदलताना हरवलेली. मधल्या काळात त्यांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखा बंद झाली. नव्या शाखेतला माणूस म्हणाला, जुना लोन नंबर आणा. तोवर मालक नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेले आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. सात महिने लागले. त्या सात महिन्यांत एका टेम्पोने मागचा दरवाजा आत घातला आणि मला क्लेम करता आला नाही, कारण आरसी त्यांची, पॉलिसी त्यांची, गाडी फक्त चालवायला माझी. दरवाजा स्वखर्चाने केला. त्यानंतर ती गाडी मला कधी आवडलीच नाही.

तर, आरसी. आता पुढचं.

बजेट. चार लाख असतील तर साडेतीनची गाडी बघा. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, क्लच आणि विम्यात जातातच. न गेले तर मला पार्टी द्या.

मजेची गाडी हवी म्हणजे काय हवं, हे घरून ठरवून निघा. रोज कोथरूड ते हिंजवडी करायचं असेल तर शून्य ते शंभर किती सेकंदात, हा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. तुम्ही दिवसभर दुसऱ्या गिअरमध्येच असणार. तेव्हा बघायचं ते हे: क्लच हलका आहे का, दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी ओढते का, स्टिअरिंगला वजन आहे का, सीटवर दीड तास बसवतंय का. जुन्या फिगोचं आणि फियाट पुंटोचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं. वळणावर रस्ता हाताला कळतो, आणि पार्किंग करताना दंडाला व्यायाम होतो. दोन्ही धरून ठरवा.

माझ्या मते बघण्यासारख्या गाड्या थोड्याच. 2015 नंतरची फिगो 1.5 डिझेल, 100 पीएस (हॉर्सपॉवरच समजा). या पैशात एवढी ओढ दुसरीकडे मिळणार नाही. फोर्डने 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं म्हणून भाव पडलेले आहेत, पण एखाद्या पार्टसाठी थांबावं लागेल हे धरून चाला. पुंटो आपल्या रांजणगावची. तिचं 1.3 मल्टिजेट इंजिन डिझेल स्विफ्टमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचं काम कुठलाही मेकॅनिक करतो. बॉडीचे आणि आतले पार्ट मात्र शोधत फिरावं लागतं. फोक्सवॅगनची पोलो चाकणची. पण पोलो म्हणजे जीटी नव्हे! साधी तीन सिलिंडरची 1.2 पेट्रोल 75 पीएसची आणि ट्रॅफिकमध्ये सुस्त. जीटी टीएसआय 105 पीएसची, मजेदार, पण तिचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचचा आहे. रोजच्या रांगेत तो तापतो, आणि त्याचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे कंट्रोल युनिट, गेलं की बिल बघून खाली बसावं लागतं. सर्व्हिसचे कागद नसतील तर ती सोडा. बलेनो आरएस मिळाली तर जरूर बघा: 1.0 टर्बो, मागेही डिस्क ब्रेक, आणि सर्व्हिस मारुतीची. स्विफ्ट? चांगलीच आहे, पण सगळ्यांनाच हवी असते म्हणून भाव डोक्यावर बसलेला. अबार्थ पुंटोचे 145 पीएस ऐकून ज्यांचे डोळे चमकतात त्यांनी रोजच्या वापराचं नाव घेऊ नये.

दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल दिसली तर हुरळू नका. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश आला, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. तिकडच्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, आणि आरसीवर तिकडच्या बँकेचं नाव असेल तर मी वर सांगितलेली गोष्ट हिंदीतून. बोजा बघितलात ना?

गाडी बघायला सकाळी जा. फोनवरच सांगा, की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्याने काहीतरी झाकलंय असं समजा, मग कारण काही का सांगेना. थंड इंजिन सुरू होताना आवाज ऐका, धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ चिकटा आहे का बघा.

ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. हजार-दीड हजार घेईल, खुशीने द्या.

पुराचं विसरू नका. 2019 ला कोल्हापूर-सांगली, 2021 ला चिपळूण-महाड. त्या पाण्यात बसलेल्या गाड्या काही हवेत विरल्या नाहीत, धुऊन पुसून कुठेतरी विकल्याच गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. मॅटखालचा कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. डॅशबोर्डला अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच बघा.

टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे असतील तर खाचा कितीही खोल असोत, किंमत कमी करा. किलोमीटरवर विश्वास ठेवायचा नाही. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिलई बघायची. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडल गुळगुळीत होत नाही.

चालवून बघताना मोकळा रस्ता मागू नका. मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात. गर्दीत घाला, स्पीडब्रेकरवरून न्या, बुश आणि शॉकअपचा खडखडाट आपोआप कळतो. मग दिवे घाट किंवा बोपदेव. चढावर एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडते का, आणि उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग एका बाजूला खेचतं का.

आवडली? मला माहीत आहे, या क्षणी माणूस कसा होतो. हात खिशाकडे जातो. थांबा. आरसी. फायनान्सरचं नाव. नाव असेल तर टोकन पाच हजारांच्या वर एक रुपया देऊ नका. त्यांनाच बँकेत जाऊ द्या, त्यांनाच एनओसी आणू द्या, त्यांनाच आरटीओतून बोजा उतरवू द्या. "तुम्ही घेऊन जा, मी महिन्याभरात करून देतो" असं म्हणाले तर हसून नमस्कार करायचा आणि घरी यायचं. मी हसून गाडी घरी आणली होती. शिवाय छापील आरसी जुनी असू शकते, तेव्हा परिवहनच्या साइटवरही नंबर टाकून खात्री करा.

बाकीचे कागद पटपट. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर त्यांच्या सह्या पैसे देतानाच. विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस त्यांचा असतो, तुम्हाला मिळत नाही. ट्रॅफिकची चलनं त्यांच्याकडून भरून घ्या. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी, लागलीय का बघा. पीयूसी. आरसीची पंधरा वर्षं कधी भरतात ते. दुसरी किल्ली. जॅक.

फास्टॅग त्यांना आधी बंद करायला सांगा, नाहीतर खेड-शिवापूरचा टोल त्यांच्या खात्यातून जाईल आणि फोन तुम्हाला येईल.