धुकं असो की धो-धो पाऊस, गाडीच्या लाईट आणि वायपरच्या या चुका टाळा (चोर्ला-आंबोलीला जाणाऱ्यांनी तर नक्की वाचा)

बेळगावहून चोर्ला घाटाकडे, जांबोटी सोडून कणकुंबीकडे जाताना धुकं सुरू झालं की पुढच्या गाडीचे चारी इंडिकेटर लागतात, मग तिच्या मागच्या गाडीचे, मग त्याच्या मागच्या, आणि पाच मिनिटांत अख्खी लाईन लुकलुकायला लागते. लावणाऱ्याला वाटतं आपण सेफ्टी पाळतोय, मीही कित्येक वर्षं असंच करायचो, कारण सगळेच करतात आणि ड्रायव्हिंग शिकवताना हे कुणी सांगितलंच नाही.

माझी सवय कशी मोडली ते सांगतो. बेळगाव-वेंगुर्ला रोडला, शिनोळीच्या पुढे, ऑगस्टमधली संध्याकाळ, बारीक पाऊस आणि धुकं. समोर एक गाडी चारी इंडिकेटर लावून. तोपर्यंत अशा आठ-दहा चालत्या गाड्या बघून झालेल्या, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की हीसुद्धा चालतेय. ती उभी होती. अर्धी रस्त्यावर, टायर पंक्चर, आणि एक माणूस मागे वाकून स्टेपनी काढत होता. मी ब्रेकवर उभाच राहिलो, गाडी थोडी सरकली आणि त्या माणसापासून दोन-तीन हातांवर थांबली. घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते.

चारी इंडिकेटरचा अर्थ "मी थांबलोय, सांभाळून या" एवढाच. चालत्या गाडीने ते लावले की हा अर्थ मरतो आणि खरंच थांबलेला माणूस उघडा पडतो. दुसरं म्हणजे वळणार असलात तर मागच्याला कळणार कसं, तो इंडिकेटर तर आधीच दोन्हीकडे लुकलुकतोय. म्हणून चालू गाडीत धुक्यासाठी हजार्ड (म्हणजे हेच चारी इंडिकेटर) लावायचे नाहीत, हेडलाईट लावायचा, डिप्परला, म्हणजे झोत खाली ठेवून. हजार्ड कधी, तर गाडी बंद पडली किंवा काहीच दिसेना म्हणून रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतली तेव्हा. त्या वेळी ब्रेकवरचा पाय पण काढा, कारण मागून येणारा लाल लाईट बघून त्यालाच रस्ता समजतो आणि थेट तुमच्यावर येतो.

आपली लाईट दुसऱ्यासाठी असते

दिवसा पाऊस-धुकं असेल तर लोक म्हणतात, "मला दिसतंय की, लाईट कशाला?" तुम्हाला दिसतंय हो, पण राखाडी ढगात राखाडी रस्त्यावर तुमची सिल्व्हर गाडी समोरच्याला दिसत नाही, तिथे लाईट तुमच्यासाठी नसतेच, त्याच्यासाठी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १०५ व्या नियमात लाईट फक्त रात्रीपुरती सांगितलेली नाही, पुरेसा उजेड नसेल अशा कुठल्याही वेळी लावायची असं आहे. टू-व्हीलरला तर एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांचा हेडलाईट चालूच राहतो, बटणच नाही, आणि त्याचं कारण हेच की समोरच्याला बाईक लवकर दिसावी.

आता नव्या गाड्यांमुळे झालेली एक चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. पुढे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे) चमकत असतात, आत मीटर पण दिवस-रात्र उजळलेला असतो, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं लाईट चालू आहे. पण बऱ्याच गाड्यांत डीआरएल लागले तरी मागचे टेललाईट लागत नाहीत! म्हणजे पुढून झगमग आणि मागून पूर्ण अंधार. स्विच ऑटोवर ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांचं पण तेच होतं, कारण सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. सकाळी नऊला धुकं कितीही दाट असू दे, वर पांढरा उजेड असतो, सेन्सरला तो दिवसच वाटतो आणि हेडलाईट लागत नाही. म्हणून धुकं-पाऊस दिसला की स्विच हाताने फिरवून हेडलाईटवर आणा. नुसत्या पार्किंग लाईटवर पण चालवू नका, त्या धुक्यात जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

मागचा फॉग लाईट असेल तर दाट धुक्यात जरूर लावा, पण धुकं संपलं की लगेच बंद. तो जवळजवळ ब्रेकलाईटएवढा प्रखर असतो, मागच्याचे डोळे दिपतात आणि तुम्ही ब्रेक दाबलाय की नाही हे पण त्याला नीट कळत नाही.

अप्पर मारला की दिसतं, हा गैरसमज

काही दिसेना झालं की हात आपोआप अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला जातो. पण धुकं म्हणजे हवेत लटकलेले पाण्याचे बारीक थेंब, अप्परचा झोत त्यांच्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्पर खाली पडतो, म्हणून डिप्परमध्ये कमी लांबचं पण खरं दिसतं. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतात ते ह्याच कारणाने, त्यांचा उजेड रस्त्यालगत आडवा पसरतो आणि कडेचा पांढरा पट्टा दिसतो. डावीकडच्या त्या पट्ट्यावर नजर ठेवून चालवा. पुढच्या ट्रकच्या टेललाईटला चिकटून जाऊ नका, तो चुकला की तुम्ही पण चुकला.

पिवळा बल्ब लावला की धुकं कापतं असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. पिवळ्याने डोळ्याला थोडं कमी टोचत असेल, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. फरक पडतो तो झोत किती खाली आणि किती रेखीव कापलेला आहे याने. म्हणून हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला पांढराफेक एलईडी बल्ब कोंबू नका, तो रिफ्लेक्टर त्या बल्बसाठी बनवलेलाच नसतो, उजेड वर-खाली सगळीकडे फेकला जातो. समोरचा आंधळा होतो आणि तुमच्यापुढे धुकंच उजळतं.

हेडलाईट वर-खाली करायचं ०, १, २, ३ लिहिलेलं छोटं चाक स्टेअरिंगच्या बाजूला असतं, त्याला कित्येकांनी आयुष्यात हात लावलेला नसतो. लग्नाला पाच जण आणि डिकीत बॅगा भरल्या की गाडी मागून बसते, नाक वर होतं आणि डिप्पर पण अप्परसारखा समोरच्याच्या तोंडावर जातो. तेव्हा ते चाक २ किंवा ३ वर न्यायचं, आणि सामान उतरवलं की परत ० वर.

काचेवरचं धुकं आतलं की बाहेरचं, हे आधी ओळखा

यावर मी जरा जास्त लिहितोय, कारण ही चूक सगळेच करतात आणि घाटात ती फार महागात पडू शकते.

साखळीकडून चोर्ला चढून येत होतो, जुलै महिना, शेजारी आत्या. काच धूसर व्हायला लागली म्हणून मी एसीची हवा पुढच्या काचेवर सोडली, एकदम थंड, फुल. काच अजून धूसर. आत्या बिचारी नॅपकिनने पुसतेय, पुसतेय, आणि मग म्हणाली, "अरे, हात दुखला की माझा, ही काच कोरडीच आहे की रे!" खरंच कोरडी होती. धुकं काचेच्या बाहेरच्या बाजूला होतं. वायपर मारला की साफ व्हायचं आणि अर्ध्या मिनिटात परत यायचं, कारण थंडगार हवेने काच गार करून ते धुकं मीच तयार करत होतो.

म्हणून पहिलं काम, आतून काचेला बोट लावून बघा. रेघ उमटली तर धुकं आतलं. वायपरने गेलं तर बाहेरचं.

आतलं असेल तर त्याचं कारण आपला श्वास, भिजलेले कपडे, पायाशी टाकलेली ओली छत्री. आणि वरून लोक पावसात गार वाटतं म्हणून एसी बंद करतात आणि हवा आतल्या आत फिरायचं बटण चालू ठेवतात, म्हणजे सगळी ओल आत कोंडली. उपाय असा की एसी चालू, टेंपरेचर थोडं गरमकडे, हवा पुढच्या काचेवर, आणि आत फिरणारी हवा बंद करून बाहेरची हवा घ्यायची. एसी म्हणजे फक्त गारवा असं आपण समजतो, पण एसीची कॉइल हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून गरम हवा आणि एसी दोन्ही एकत्र चालवलं की काच सगळ्यात लवकर मोकळी होते. एसी नसेल तर दोन्हीकडच्या काचा बोटभर खाली करा, खांदा भिजला तर भिजू दे.

बाहेरचं असेल तर बरोबर उलटं. काचेवरची हवा पायाकडे वळवा, थंडपणा कमी करा आणि एकदा वायपर मारा. काच बाहेरच्या हवेएवढी गरम झाली की धुकं यायचं थांबतं. मागच्या काचेला ती तापवणाऱ्या तारा असतील तर त्याचं वेगळं बटण आहे, तेही दाबा.

हाताच्या तळव्याने काच पुसणं बंद करा. हाताचं तेल काचेला लागतं आणि रात्री समोरच्या प्रत्येक लाईटचे फराटे दिसतात. पावसाळ्याच्या तोंडावर डॅशबोर्डला चकचकीत स्प्रे मारतात त्यानेही हेच होतं, तो उन्हात उडून काचेच्या आतल्या बाजूला बसतो.

वायपर

वायपरचं रबर पावसाळ्यात नाही, एप्रिल-मेच्या उन्हात मरतं. गाडी उन्हात उभी, रबर कडक, आणि वळवाचा पहिला पाऊस आला की कळतं की पुसतच नाही. वर्षातून एकदा, मे संपता संपता, दोन्ही ब्लेड बदलून टाका. डावं-उजवं लांबीला बहुतेक वेगळं असतं, दुकानात जायच्या आधी मोजून जा.

एकच रेघ राहत असेल तर रबराच्या कडेला खडा अडकलाय किंवा तिथे फाटलंय, ओल्या फडक्याने कड पुसून बघा. वायपर उड्या मारत टक-टक करत असेल तर रबर कडक झालंय किंवा दांडी वाकलीय. आणि नवीन ब्लेड टाकून पण सगळी काच फरकटल्यासारखी दिसत असेल तर दोष काचेवरच्या तेलकट थराचा, रस्त्यावरच्या डिझेलच्या धुराचा आणि पॉलिशचा. भांडी घासायचं लिक्विड ओल्या स्पंजवर घेऊन काच दोनदा घासा आणि भरपूर पाण्याने धुवा.

खानापूर भागातली तांबडी धूळ काचेवर असताना कोरडा वायपर कधीच मारू नका, ती धूळ रबराखाली पॉलिश पेपरचं काम करते. आधी पाणी, मग वायपर. त्यासाठी वॉशरच्या टाकीत पाणी असायला हवं. बोअरचं पाणी भरलं तर क्षाराने नोझल चोंदतं, तेव्हा टाचणीने हलकेच मोकळं करायचं.

वायपर भर पावसात बंद पडला तर आधी फ्यूज बघा, डब्याच्या झाकणावर कुठला वायपरचा ते चित्र असतं. मोटरचा आवाज येतोय पण एकच दांडी हलत नाही तर बहुतेक तिच्या बुडाचा नट ढिला झालाय, झाकण काढून पान्याने आवळला की काम होतं. निपाणी तंबाखूचं गाव, त्यामुळे आमच्याकडे जुन्या ड्रायव्हरांचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, ओला तंबाखू काचेवर घासायचा. त्याने पाण्याचे थेंब न राहता पातळ थर पसरतो आणि थोडा वेळ दिसतं. एवढ्या आधारावर सुरक्षित जागा गाठायची आणि थांबायचं, घाट उतरायचा नाही.

उसाचा सीझन

पावसाळा गेला म्हणून सुटलो असं नाही. डिसेंबर-जानेवारीत दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशीच्या काठाला पहाटे धुकं बसतं, आणि नेमक्या त्याच वेळी चिकोडी, संकेश्वर, अथणी सगळीकडे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, पाला लोंबून लाईट आणि रिफ्लेक्टर झाकलेले. तिथे तुमची लाईट कितीही चांगली असू दे, ट्रॉली दिसते ती शेवटच्या चाळीस मीटरला. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक सुचून गाडी थांबेपर्यंत ४५-५० मीटर सहज लागतात. हिशोब जमत नाही. तीसच्या स्पीडला जमतो. धुक्यात कडेची झाडं दिसत नसल्यामुळे आपण हळूच चाललोय असं वाटत राहतं, तेव्हा अंदाजावर न जाता मीटर बघा. ट्रॉलीवाल्या दादांना पण हात जोडून विनंती, निघताना मागचा पाला कापून रिफ्लेक्टर मोकळा करा.

एक हेडलाईट गेलेला असेल तर "उद्या बघू" करू नका, धुक्यात एकच दिवा म्हणजे समोरच्याला बाईक वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. बल्ब घरी बदलता येतो, फक्त हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथे तापून तो लवकर उडतो. टेललाईट गेल्याचं तर आपल्याला कळतच नाही. जांबोटीत किंवा शिनोळीत चहाला थांबलात की गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा, हेडलाईट चालू करा, ब्रेक दाबा आणि आरशातून बघा, भिंतीवर दोन्ही बाजूंना लाल उजेड सारखा पडतोय का.